झाडलोटीचा कोळसा

मालगाडीचा रेक रिकामा झाला की डब्यांच्या कोपऱ्यांत जो कोळसा अडकून राहतो, तो झाडणाऱ्या बाईचा. हे कुणी लिहून दिलं नव्हतं. पण कोरेगावच्या पलीकडं कारखान्याची ती आखूड मालगाडीची लाइन, म्हणजे साइडिंग, पडली, तेव्हापासूनची रीत होती. चंद्रपूरकडचा कोळसा स्टेशनात यायचा, तिथून एक म्हातारं डिझेल इंजिन तो धापा टाकत कारखान्यात ओढून न्यायचं, आणि बनाबाई खराटा घेऊन डब्यात उतरायची. घरी जाताना डोक्यावर एक टोपली. त्यावर घरचा बंब पेटायचा, उरलेला कोळसा स्टँडवरचा चहावाला घ्यायचा. नवरा गेल्यावर बिरदेवला तिनं त्याच टोपलीवर वाढवला.

बारावी होऊन पोरगं दोन वर्षं पारावरच बसलं, तेव्हा तिनं साइडिंगच्या जयराज साहेबाला गाठलं.

"मावशी, वॉचमन पायजे, पण हितनं कोळसा लय चोरीला जातोय," साहेब म्हणाला. "पोरगा इमानी हाय का?"

बनाबाईला चेव आला. "आवं सायेब, माजं पोरगं सख्ख्या आईलाबी सोडायचं न्हाई!"

जिभेला हाड नसतं. साहेब हसला आणि बिरदेवला खाकी मिळाली. बनाबाईनं म्हसवडला जाऊन सिद्धनाथापुढं नारळ फोडला, आळीभर पेढे वाटले. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय, हे तिला काय ठाऊक?

चार-आठ दिवसांतच नियम आला, झाडलोटीचा कोळसाही कारखान्याचाच. खरी चोरी व्हायची ती ट्रकनं, आणि कुणाच्या आशीर्वादानं, हे त्या म्हाताऱ्या इंजिनालाही ठाऊक होतं. पण ट्रक अडवायला छाती लागते; बाई अडवायला शिट्टी पुरते.

संध्याकाळी बाकीच्या बायकांनी फाटकाशी मुकाट टोपल्या ओतल्या. बनाबाई मात्र ताठ मानेनं पुढं आली. फाटकावर पोटचा पोर होता, तिला कसलं भ्या? शेजारी खुर्चीत साहेब चहा पीत बसला होता.

"आये, टोपली वत हितं." बिरदेवची नजर तिच्या पायांवर होती.

"आरं, रीत हाय ती."

"आता न्हाई. वत म्हंतो न्हवं!"

साहेब हसला. "मावशी, तुमीच म्हनला हुतासा, आईलाबी सोडायचा न्हाई. खरं बोलला बगा."

आपलेच दात, आपलेच ओठ. दाद मागायची कुणाकडं? तिनं टोपली पालथी केली. साहेबानं बिरदेवची पाठ थोपटली आणि पोरगं लाजून हसलं. कोळसा गेल्याचं तिला एवढं वाटलं नाही. ते हसणं मात्र काळजात रुतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवरून येताना बिरदेवनं सायकलवर पोतं आणलं. आत चांगला मोठ्या ढेकळांचा कोळसा होता. असला कोळसा तिच्या खराट्याला कधी लागला नव्हता.

"सायबानं दिला," तो म्हणाला. "पेटीव बंब. आता तुला टोपली वाहायला नगं."

बनाबाईनं एक ढेकूळ हातात घेतलं, परत पोत्यात टाकलं.

"राती ट्रक गेला व्हय रं?"

बिरदेव बुटाची नाडी सोडत बसला. ती सुटता सुटेना.

"आईला तेवढं सोडलं न्हाईस," ती म्हणाली. "बाकी समद्यास्नी सोडलंस."

तिनं बंबाला हात लावला नाही. कोपऱ्यातला खराटा उचलला आणि ती साइडिंगला निघाली. रेक लागला होता, आणि डबे झाडायचं काम तेवढं अजून तिचंच होतं.