आत्याच्या दारातला पांढरा रस्ता

बारा वाजेपर्यंत गाडी न थांबता पार गेली नाही, तर तुलिनचा रस्ता उखडला जाणार होता. उखडणारं यंत्र कोपऱ्यावर हजरच होतं आणि त्याचा चालक चहाचा तिसरा पेला पीत इतका निवांत बसला होता, की तुलिनला त्याचा पेलाच हिसकावून घ्यावासा वाटत होता.

रस्ता कसला, दोनशे मीटरची गल्ली! पण तुर्कस्तानातल्या इस्जेहिसार गावात संगमरवर कापताना जो पांढरा चिखल निघतो, ज्याचे डोंगर गावाभोवती साचलेत, त्या चिखलाचे ठोकळे करून तुलिनने हा रस्ता घातला होता. चार वर्षांचं संशोधन होतं ते. आज विद्यापीठाची स्वतःहून चालणारी गाडी तिचे मार्गदर्शक जेव्देत सर यांना घेऊन त्यावरून जायची होती. धक्के मोजायचे, तर मध्ये एकदाही थांबून चालणार नव्हतं.

जागा मात्र आत्याची, आणि रस्ता सुरू व्हायचा तिच्या फाटकापासून.

गाडी निघाली. आत्याने तांब्याभर पाणी सपकन तिच्या मागे ओतलं. प्रवासाला निघालेल्यामागे पाणी टाकायचंच, म्हणजे माणूस पाण्यासारखा जातो आणि पाण्यासारखा परत येतो.

"मागून हल्ला," गाडी म्हणाली आणि जागीच थांबली.

"अगं आत्या!"

"काय अगं? पाहुणे आले, चहा प्यायले, आणि कोरडेच जाऊ देऊ? तुझे आतोबा एकदा कोरडे गेले एस्कीशेहिरला. तीन वर्षांनी उगवले, तेही मिशी ठेवून!"

"दोनशे मीटरच जायचंय त्यांना!"

"मिशीला किती मीटर लागतात?"

गाडी मागे घेतली. सर पुन्हा उतरले, पुन्हा गळाभेट, पुन्हा निरोप. पुन्हा पाणी. पुन्हा हल्ला. असं सहा वेळा झालं. सरांच्या दोन्ही गालांवर आत्याच्या पाप्यांचे लाल डाग पडले, पण 'नको' म्हणायची त्यांची छाती होईना.

"थांब, मी गाडीला समजावतो," ओरहुन म्हणाला. गाडीचं सॉफ्टवेअर त्यानेच लिहिलं होतं आणि त्याला त्याचा फार गर्व होता. त्याने मांडीवर लॅपटॉप घेऊन आत्याचा फोटो चढवला, 'ही बाई घरचीच' असं नोंदवलं. सातव्यांदा गाडी निघाली, पाणी पडलं. गाडीने आत्याला ओळखलं, थांबली आणि अदबीने दार उघडलं.

"घरच्या माणसाने आत बसावे."

"बघ, किती संस्कारी आहे!" आत्या हरखली. "तुझ्यापेक्षा बरी!"

बाराला दहा कमी होते. यंत्राच्या चालकाने पेला खाली ठेवला.

तुलिनने भरभर विचार केला. पाणी थांबणार नाही, आत्या तर त्याहून नाही. गाडी मागूनच घाबरते. मग...

"ओरहुन, उलटी चालव!"

"काय?"

"उलटी रे! मागचा भाग पुढे. सर, घट्ट बसा!"

गाडीने तोंड फाटकाकडे वळवलं आणि ती त्याच रस्त्यावरून मागे मागे निघाली. आत्या तांब्या उचलून क्षणभर गोंधळली. सर जात होते, पण तोंड तिच्याकडेच! आता त्यांच्या मागे म्हणजे कुठे? मग तिने ठरवलं, गाडीचं जे टोक आपल्याकडे राहिलं तेच मागे, आणि सगळं पाणी समोरच्या काचेवर भिरकावलं.

"पाऊस," गाडी शांतपणे म्हणाली. वायपर सुरू झाले आणि ती चालतच राहिली.

"चालतेय! चालतेय!" तुलिनने ओरहुनला इतक्या जोरात गुद्दा मारला, की लॅपटॉप फुलांच्या कुंडीत पडला.

आत दोन वायपरांमधून जेव्देत सर हात हलवत होते. आत्याही हलवत होती. एकमेकांकडे तोंड, मग आधी हात खाली घेणार कोण? दोनशे मीटरभर दोघंही हलवतच राहिले, आणि बाराला चार कमी असताना गाडीने नोंद केली, 'थांबे: शून्य.'