घरापर्यंतची गाडी

"तुमच्या मशिनीनं मले भिवापूरच्या स्टँडावर रातभर बसवलं. माहीत तरी हाय का जी तुमाले?"

रुखमाबाईंचा आवाज असा चढला, की नागपूरच्या रामदासपेठेतल्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यातली अख्खी रांग काउंटरकडे पाहू लागली. काउंटरवरच्या मार्तंडरावांनी चटकन मान वर केली. मशीन म्हणजे पेशंटचे नंबर लावणारा त्यांचाच प्रोग्रॅम! छप्पन्नाव्या वर्षी, कॉमर्सच्या पदवीवर, एआयला साध्या मराठीत सांगून सांगून त्यांनी तो लिहून घेतला होता. दवाखान्याच्या विकतच्या सॉफ्टवेअरला पेशंटचा ईमेल हवा असे. परतीची गाडी किती वाजता, हे विचारायला त्यात जागाच नव्हती. बाहेरगावची माणसं पहाटे निघून यायची आणि नंबर लागेपर्यंत त्यांची गाडी निघून जायची. म्हणून मार्तंडरावांनी ठरवलं, नागपुरातून ज्याची शेवटची गाडी आधी, त्याचा नंबर आधी. महिनाभर सगळे खूश होते.

इंजिनिअर मुलीनं, नूपुरनं, बजावलं होतं, "बाबा, हौस वेगळी अन् काम वेगळं. चुकलं तर भोगणार कोण?"

"अवं, घरी स्वयंपाक करायला काय हॉटेलवालाच व्हावं लागते का?" असं म्हणून ते हसले होते. आता भोगणारी समोर उभी होती.

"पण मावशी, तुमची तर सहाची गाडी होती ना?"

"सहाची भिवापूरले जाते. मी का भिवापुरात राह्यते? तिथून माह्या गावची शेवटची जीप पाचलेच निंघते. डोळ्यात थेंब टाकेल, काही दिसे ना, अन् मी आपली बाकावर बसून राहिली."

मार्तंडरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षाची मिरची आणायला ते भिवापूरपर्यंत जात. त्यापुढेही माणसं घरी जातात, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चुकलं माझं, मावशी. बंदच करतो हे."

"बंद काहून करता जी? पयले तर एका नंबरापायी दोन-दोन चकरा होत. भाकर करपली म्हणून कोणी चूल फोडते का? पुढची गाडी बी विचारा न!"

"आमची तर साडेचारलेच जाते!" मागून कोणी ओरडलं. "आमची शुक्रवारी राह्यतच नाही!" दुसऱ्यानं भर घातली.

"अरे थांबा, एकेक सांगा!" मार्तंडराव लिहू लागले. प्रोग्रॅममध्ये नवा रकाना झाला : घरापर्यंतची शेवटची गाडी. या वेळी मात्र त्यांनी मशिनीवर भरवसा ठेवला नाही. यादी आधी रांगेला मोठ्यानं वाचून दाखवली. रांगेनं दोन चुका काढल्या. त्या दुरुस्त करून त्यांनी पुन्हा वाचली, आणि वाचता वाचता अडखळले.

"मावशी, तुमचा नंबर... चौथा आला. तिघं तुमच्याहून लांबचे आहेत, त्यांना आधी निघावं लागतं. पण तुमची जीप चुकत नाही, मी दोनदा पाहिलं."

पहिला नंबर आलेल्या बाईकडे वळून रुखमाबाईंनी विचारलं, "कोन्या गावची वं तू?"

तिनं गाव सांगितलं.

"मंग बरोबर हाय. हिले लय दूर जा लागते," रुखमाबाई मार्तंडरावांना म्हणाल्या. त्यांनी डॉक्टरांच्या दाराजवळच्या बाकावर जागा धरायला ठेवलेली आपली पिशवी उचलली, तिथे त्या बाईला बसवलं आणि स्वतः मागे जाऊन बसल्या.