बल्लीवर टांगलेलं हरीण

तौनो सारेलानं दार उघडलं, पायरीवरच्या वर्दीकडे पाहिलं आणि दार अर्धं परत लावून घेतलं. उरलेल्या फटीतून त्यानं विचारलं,

"कोण आहे?"

"कोलेट. बुशारांची कोलेट. वन्यजीव खात्यातून आलेय, काका."

"वर्दीत काका म्हणायचं नाही. काका म्हणायचं असेल तर वर्दी काढून ये."

"या थंडीत वर्दी काढली तर उद्याच्या पेपरात आपल्या दोघांचे फोटो येतील."

आतून एका बाईचा आवाज आला. "येऊ दे तिला. घरातली ऊब बाहेर चाललीय."

दार उघडलं. कोलेट बूट झटकून आत आली. आपल्याला लहानपणापासून ओळखणाऱ्या माणसानं दोन हातांवरून 'कोण आहे' विचारावं, याचा अर्थ तिनं सरळ घेतला, म्हणजे अपमान असा. पुढचं बघून तिची खात्रीच पटली. स्वयंपाकघरात शेगडीवर कॉफीचं भांडं होतं, त्यातून वाफ निघत होती, आणि तिला कुणी कॉफी विचारली नाही. सालमेला कॉर्नर्स या गावात घरपट्टी वाढवायला आलेल्या माणसालाही कॉफी मिळते, वर वेलदोड्याच्या पावाचे दोन तुकडे मिळतात. तलावाच्या या काठावर फिनलंडहून आलेल्या लोकांनी शंभर वर्षांत पुष्कळ गोष्टी सोडल्या, कॉफी विचारायची सोडली नाही. ती न विचारणं हे दारातून कुत्रं सोडण्यासारखंच, फक्त थोडं शांत.

लेम्पी सारेला टेबलाशी बसून रुटाबागाच्या फोडी करत होती. सलगमाचाच हा धिप्पाड भाऊ, पेस्टीच्या, म्हणजे मांसाच्या मोठ्या करंजीच्या, सारणात घालायचा. तिनं मान वर केली नाही.

"बसते," कोलेट म्हणाली आणि बसली. "मिस्टर सारेला, पंधरा तारखेला हंगाम उघडला, त्या दिवशी तुम्ही एक नर मारलात. अकरा टोकांची शिंगं. तीन दिवसांत खात्याच्या संकेतस्थळावर त्याची नोंद करायची असते. आज चोवीस आहे."

"नोंद केलीय."

"कुठे?"

"बल्लीवर."

अग्निशमन केंद्रासमोर दोन खांबांवर एक आडवी बल्ली आहे. हंगामाच्या पहिल्या संध्याकाळी ज्यानं त्यानं आपापला नर आणून तिला टांगायचा, अग्निशमन केंद्राच्या आर्व्हिडनं वहीत पेन्सिलीनं नाव लिहायचं, पोरांनी टोकं मोजायची, आणि सर्वांत मोठ्या शिंगांना बक्षीस. यंदा बक्षीस होतं लाकूडकापणीचं मशीन, आणि ते तौनोला मिळालं होतं. कोण जगला, कुणाचं हरीण कुणाहून मोठं आणि कुणाचा जावई बिनकामाचा, या गावाच्या तिन्ही मुख्य नोंदी बल्लीखालीच होत असत. संकेतस्थळ येऊन तीन-चार वर्षं झाली होती. बल्लीला सत्तर.

"बल्ली गावाची आहे," कोलेट म्हणाली. "नोंद सरकारकडे करायची."

"सरकार होतं की तिथं! मापाची टेप कुणी धरली होती? पेपरात फोटो कुणाचा आलाय? एका बाजूला मी, मध्ये हरीण आणि त्या बाजूला शिंग धरून सरकार दात काढतंय."

"ती मी हसत होते. सरकार हसत नाही."

"मग तुला पाठवलं कशाला? न हसणाऱ्या कुणाला तरी पाठवायचं."

खरं तर त्या फोटोमुळेच तिला पाठवलं होतं. आर्व्हिडच्या वहीत एकतीस नर होते आणि खात्याच्या यादीत तीस. साहेबांनी पेपरचं कात्रण तिच्यापुढे ठेवलं, तिच्या हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, हा एकतिसावा, बुशार, तू ओळखतेस वाटतं याला.

"हे बघा," कोलेट म्हणाली, "आत्ता माझ्यासमोर नोंद केलीत तर मी तोंडी समज देऊन जाते. नाही केलीत तर गुन्हा. दंड आहे, पण दंडाचं सोडा. पुढच्या वर्षीचा परवाना जाईल."

लेम्पीची सुरी थांबली, मग परत चालू झाली.

तौनोचे एकोणसाठ हंगाम झाले होते, एकही न चुकवता. न्यूमोनियात गेला होता, धाकट्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी गेला होता आणि लग्नाला वेळेवर परतलाही होता, फक्त कपडे न बदलता. पुढचा साठावा. नोव्हेंबरात घरी बसलेला पुरुष इथे एक तर आजारी असतो, नाहीतर शिकागोहून आलेला.

"तुझा बाप," तौनो म्हणाला, "माझ्या शिकारीच्या खोपटात बारा हंगाम फुकट झोपला. माझे मोजे घालून."

"त्याची नोंद कुठे करायची ते मला माहीत नाही. हरणाची करू या."

"करून टाक ना," लेम्पी फोडींकडे बघत म्हणाली.

"तू गप्प बस."

"गप्पच आहे. नऊ दिवस झाले."

कोलेटनं फोनवर फॉर्म उघडून त्याच्यापुढे धरला. दुसऱ्याचं पोर हातात द्यावं तसा तौनोनं तो दोन्ही हातांत घेतला, जरा लांब धरला, जरा तिरका केला आणि परत ढकलला.

"तुझ्या सरकारची भाषा मला वाचवत नाही. तू विचार, मी सांगतो."

"नर की मादी?"

"शिंग तू धरलं होतंस."

"नर. डाव्या शिंगाला टोकं किती?"

तौनो छताकडे पाहू लागला. "पाच."

"सहा," लेम्पी म्हणाली. "डावीकडे सहा, उजवीकडे पाच. डावीकडचं खालचं टोक मोडकं."

"किती वाजता मारलं?"

"हरणाच्या हातात घड्याळ नव्हतं."

"सात वाजून दहा," लेम्पी म्हणाली.

कोलेटनं तेही भरलं. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याचं सगळं पाठ असतं, यात तिला नवल वाटलं नाही. तिची आईही बापाच्या वतीनं उत्तरं द्यायची, डॉक्टरकडेसुद्धा.

"आता जागा. नकाशावर खूण करायची."

इथे भांडण होणार हे तिला ठाऊक होतं. या गावात माणूस मरताना पाद्र्याला पापं सांगतो, हरणाची जागा सांगत नाही. कालपासून शेजारच्या गावांतल्या तीन घरांतून तिनं याच प्रश्नावर शिव्या खाल्ल्या होत्या आणि चौथ्यांदा खायला ती तयार होऊन बसली. पण तौनो आवाज न चढवता म्हणाला,

"ओढ्याजवळ."

"ओढा अकरा मैलांचा आहे."

"ओढ्याजवळ, म्हटलं ना."

"कुठल्या अंगाला?"

तौनोनं मान वळवली. बायकोकडे नव्हे, तिच्या सुरीच्या आवाजाकडे. लेम्पीनं सुरी खाली ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

"बीव्हरांचा जुना बांध आहे ना, त्याच्या खालच्या अंगाला. तिथं हेमलॉकचं झाड आडवं पडलंय, त्याच्यामागे लपण आहे. वारा तलावाकडून होता. आधी एक मादी आली, पाणी प्यायली. हा मागे सीडरच्या झाडांत थांबला होता, नाक वर करून. मला वाटलं येत नाही आता. मग एक पाऊल टाकलंन् आणि खांदा दिसला, तेव्हा मी—"

ती थांबली. शेगडीवर कॉफी रटरटत होती.

"थर्मास भरून देत होते," लेम्पी म्हणाली. "याला."

कोलेटचं बोट नकाशावर तसंच राहिलं. सकाळी निघताना तिनं सारेला नावाचे परवाने पाहिले होते. एकच होता, तौनोचा. नोंद करायची राहून गेली तर एका माणसाचं एक वर्ष जातं. नवऱ्याच्या परवान्यावर बायकोनं नर मारला तर दोघांवर गुन्हा, बंदूक जप्त, आणि बल्लीखालचं बक्षीस परत, तेही सगळ्या गावासमोर. फॉर्ममध्ये आता एकच रकाना उरला होता. तो तिनं वाचला, कारण वाचणं तिचं काम होतं.

"'वरील प्राणी मी स्वतः मारला आहे, असे मी शपथेवर सांगतो.' इथं बोट टेकवायचं."

तौनोनं दोन्ही हात काखेत घातले.

"टेकव की," लेम्पी म्हणाली. "बल्लीखाली तर छान उभा होतास. टोपीबिपी काढून."

"बल्लीखाली मला कुणी विचारलं नव्हतं. सगळे पाठ थोपटत होते. पाठ थोपटताना कुणी शपथ घालत नाही."

"मग तेव्हा सांगायचंस."

"काय सांगायचं? गेल्या साली मी जळक्या खोडावर दोन गोळ्या घातल्या, ते सांगायचं? की यंदा तू कानाशी 'तो बघ, तो बघ' म्हणालीस, तरी मला नुसती झाडं—"

"मिस्टर सारेला," कोलेट मोठ्यानं म्हणाली, "माझं नेटवर्क गेलं."

तिनं फोन पालथा टेबलावर ठेवला. फोन लगेच टिंग वाजला. तिघांनीही तो ऐकला नाही. कोलेटनं खिशातून चलनांचं पुस्तक काढलं, पेनाचं टोपण दातांनी ओढलं आणि लिहायला लागली.

"हे काय?"

"चलन. हरणाची नोंद मुदतीत न केल्याचं. एवढंच."

"समज देऊन जाणार होतीस!"

"फॉर्म भरला असतात तर."

"भरत आणला होता!"

"भरत आणलेल्या फॉर्मला सरकार फॉर्म म्हणत नाही."

"बुशारांची जात!" तौनो टेबलावर हात आपटत म्हणाला. रुटाबागाच्या दोन फोडी खाली पडल्या. "मोजे परत केले नाहीत ते नाहीत, आणि आता साठावा हंगाम घ्यायला निघालीस. कर, घे. भिंतीवरची बंदूक पण ने."

"बंदूक मी पाहिलेली नाही," कोलेट लिहिता लिहिता म्हणाली. बंदूक तिच्या डोक्यावर हातभर अंतरावर टांगलेली होती. "आणि लेम्पीबाई, परवाना बायकांनाही मिळतो. हार्डवेअरच्या दुकानात. आता बर्फाच्या फावड्यांशेजारीच ठेवलेत त्यांनी."

"ठाऊक आहे मला," लेम्पी म्हणाली. "एका घरात दोन कशाला, म्हणून घेतला नव्हता." मग सुरी पुन्हा उचलत, "फावडंही हवंच आहे."

कोलेटनं चलन फाडून तौनोपुढे सरकवलं. "सही."

"कुठे?"

"खाली."

तौनोच्या बोटांनी कागदाची कडा शोधली, कडेवरून ती खाली आली आणि तळाशी थबकली. पेन हवेत होतं. लेम्पी उठायला लागली, पण कोलेटनं त्याआधीच आपला अंगठा ओळीच्या खाली आडवा धरला. तौनोनं पेनाचं टोक त्या अंगठ्याला टेकवलं आणि सही केली. आडनावाचं शेवटचं अक्षर तिच्या नखावर आलं. तिनं हात काढून घेतला नाही, आणि त्यानंही आभार मानले नाहीत.

"म्हणजे पुढच्या नोव्हेंबरात मला रानात जाता येणार नाही," तौनो म्हणाला.

"नाही."

"सरकारनं बंदी घातली म्हणून."

"हो."

"बल्लीखाली कुणी विचारलं, तर तसं सांगायचं."

"सांगा. कागदच दाखवा. त्यावर शिक्का आहे."

तौनो खुर्चीत मागे टेकला. सगळं गाव आपल्याभोवती कसं उभं राहील, कोण सरकारला कुठली शिवी देईल, आर्व्हिड पेन्सिल कानावर ठेवून मान कशी हलवेल, हे त्याला तिथल्या तिथे दिसत असावं, कारण कपाळावरची आठी हळूहळू विरत गेली. मग ती परत आली.

"एकच वर्ष?" त्यानं विचारलं.

कोलेटनं पुस्तक मिटता मिटता त्याच्याकडे पाहिलं.

"जास्तीत जास्त तीन होतात. पण त्याला कारण लागतं."

"कसलं?"

"कामावरच्या अधिकाऱ्याला शिवीगाळ, असलं काहीतरी."

"आत्तापर्यंत दिल्या त्या धरता येणार नाहीत?"

"त्या घरगुती होत्या."

तौनो उभा राहिला. त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं, घसा साफ केला आणि तिच्या आवाजाच्या दिशेला तोंड करून बुशारांच्या पणजोबापासून सुरुवात केली, जो क्वेबेकहून येताना काय काय घेऊन आला होता आणि कुणाचं. लेम्पीनं खाली पडलेल्या फोडी उचलल्या, खुर्ची जवळ ओढली आणि ऐकायला बसली.

"सावकाश," कोलेट पुस्तक पुन्हा उघडत म्हणाली. "मला लिहून घ्यावं लागतं."