मुशीचं तेल प्यालेलं इंजिन

हे कुणालाही खरं वाटणार नाही, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. तारापूरला वीज केंद्राच्या वसाहतीत एक इंजिन मांजरांनी ढकलून चढावर चढवलं होतं. हसू नका. ही भागी बसली आहे ना समोर, सुपात जवळा निवडत, ती त्या दिवशी तिथंच होती. म्हणून तिलाच हात जोडून विनंती, गोष्ट संपेपर्यंत तिनं तोंड उघडू नये.

तर नागोराव. माणूस पूर्णा जंक्शनचा, इंजिनांच्या शेडमध्ये काळा होऊन वाढलेला. इंजिन खोलणं, जोडणं, कान लावून त्याचं दुखणं ओळखणं, सगळं त्याला येई. चालवायला मात्र कुणी देत नव्हतं. डोळे तपासणाऱ्या डॉक्टरनं त्याच्यापुढं लाल लोकर धरली, मग हिरवी धरली, आणि नागोरावानं दोन्हींना 'मातकट' म्हटलं. ज्याला सिग्नल मातकट दिसतो, त्याच्या हाती गाडी कोण देईल? पुढं तो फिटर होऊन तारापूरच्या बांधकामावर आला, पण इंजिन चालवायचं काही मनातून गेलं नाही.

वसाहतीच्या बागेमागं करवंदीच्या जाळीत एक बुटकं वाफेचं इंजिन पडलं होतं. कधीकाळी खाणीतले दगड ओढायचं, आता धुराड्यात साळुंक्यांचं बिऱ्हाड. बोईसरचा भंगारवाला त्यावर खडूची फुलीही मारून गेला होता. ती फुली बघून नागोरावाला जेवण जाईना. त्यानं थेट मोठ्या साहेबांना गाठलं.

"साहेब, बागेभोवती रूळ टाका. इंजिन मी जिवंत करतो. पण चालवणार मीच."

"तुम्हाला सिग्नल दिसत नाहीत म्हणे?"

"बागेत कुठला आलाय सिग्नल? पोरं दिसली म्हणजे झालं. ती दिसतात मला."

साहेबांना हसू आलं. म्हणाले, "सव्वीस जानेवारीला पोरांना बसवून बागेला एक फेरी मारा. जमली तर इंजिन तुमच्या हाती. नाहीतर ती फुली आहेच."

बागेभोवती रूळ पडले आणि नागोराव कामाला लागला. साळुंक्यांची पिल्लं उडेपर्यंत धुराड्याला हात लावला नाही, तोवर चाकं खरवडली. मग बॉयलरच्या कुजक्या नळ्या काढल्या, नव्या बसवल्या, पाणी दाबून भरलं आणि थेंब गळत नाही हे पाहिलं. सगळं झालं, पण पिस्टन जागचा हलेना. गंजून असा बसला होता की रॉकेल ओतून काही उपयोग नाही, हातोडा मारून नाही.

भागी तेव्हा डोक्यावर पाटी घेऊन वसाहतीत मासळी विकायची. माहेर दातिवऱ्याचं, जीभ तिखट. तिनं पाटी उतरवली आणि इंजिनाभोवती एक चक्कर मारली.

"मिस्त्री, ही पान्यात कवा गेल्ती शेवटची?"

"बाई, हे इंजिन आहे. होडी नव्हं."

"लोखंडाची होडीच हाय ती. सुकून आखडलीय. तेल पाज तिला."

"पाजलं की रॉकेल."

"रॉकेल दिव्याला. होडीला मुशीचं."

दुसऱ्या दिवशी तिनं डबा आणला. मुशी माशाच्या काळजाचं तेल, कोळी होडीच्या फळ्यांना चोपडतात ते. "लाव आनि इसरून जा," ती म्हणाली. "सारखा बगायला आलास तर नाय मुरायचं."

बिचाऱ्या नागोरावानं ते पाळलं. अंगाला असा वास लागला की बायकोनं, इंदुबाईनं, त्याचं ताट पायरीवर वाढायला सुरुवात केली. आणि पंचवीस तारखेला पिस्टन लोण्यातून सुरी सरकावी तसा सरकला.

सव्वीसला झेंडा झाला, लाडू झाले, इंजिनामागं जोडलेल्या दोन डब्यांत पोरं कोंबून बसली. नागोरावानं शिट्टी दिली आणि इंजिन हललं. तेल तापलं, त्याचा दरवळ जो सुटला, तो थेट पार माकुणसार गावापर्यंत. चहूकडून मांजरं निघाली. काळी, भुरी, एका डोळ्याची, सगळी गाडीमागं. बागेच्या चढावर वाफ कमी पडली, चाकं जागच्या जागी फिरू लागली, तेव्हा त्या मांजरांनी शेवटच्या डब्याला डोकी लावली आणि गाडी वर चढवली.

फेरी पुरी झाली. साहेब रुळाशेजारी उभे, टाळ्या वाजवताहेत. पण नागोराव कुठला थांबतोय, त्याचं भानच हरपलेलं. तेव्हा भागी पुढं झाली आणि तिनं आपल्या लालभडक लुगड्याचा पदर हलवला. त्या माणसाला, ऐका बरं, जन्मात पहिल्यांदा लाल रंग दिसला. त्यानं करकचून ब्रेक लावला आणि इंजिन साहेबांच्या बुटापाशी येऊन थांबलं.

भागीनं सूप खाली ठेवलं.

"भावजी, मांजरांचं मी सोडून दिलं. पन लुगडं माजं हिरवं व्हतं. आनि थांबला कुठं तो? साहेब हात दाखवतायत, मी पदर हलवतेय, पोरं वरडतायत 'अजून, अजून', आनि मिस्त्री आपला हसत हसत दुसऱ्या फेरीला गेला."