तुटण्यासाठी लावलेली काच

अहो थांबा, थांबा! बोट नका लावू! इकडेतिकडे काय बघताय? इथे, तुमच्या खांद्याच्या उंचीवर, भेगेच्या कडेला. प्लास्टरच्या ढेकळातून अर्धी बाहेर डोकावतेय ना, काठ मोडका, अंगावर धूळ? तीच मी. मी काच बोलतेय. आणि एकदा बोलायला लागले की मला थांबवता येत नाही, आधीच सांगून ठेवते.

मी मूळची अहमदाबादची. फोटोफ्रेमच्या दुकानातली. कुणा नवरा-नवरीच्या फोटोसाठी मोठी काच कापली आणि उरलेली पट्टी म्हणजे मी. कोपऱ्यात पडून असायचे, पण मजा होती हो! स्कूटर, भांडणं, गाणी, समोरच्या टपरीवरचा चहा, सगळं माझ्यातून आरपार जायचं. मला वाटायचं, आपलं काहीतरी भारी होणार. एखाद्या हिरोच्या फोटोवर बसणार.

एक दिवस धृती आली. जुन्या इमारती दुरुस्त करायचं शिकलेली पोरगी, पाठीवर पोतडीएवढी बॅग. म्हणाली, "पातळ काचेच्या छोट्या पट्ट्या हव्यात."

दुकानदार मला उचलून म्हणाला, "बेन, एवढ्याशा काचेत फोटो कुणाचा लावणार? मुंगीचा?"

"फोटो नाही लावायचा. तोडायचीय."

"मग इथेच तोडून देतो की! बसचं तिकीट वाचेल!"

सगळे हसले. मी सोडून. थेपल्यांच्या डब्यात, रुमालात गुंडाळून मी कच्छला निघाले. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. तोडायचीय म्हणजे काय?

आमचं बंदर तुम्ही बघताच आहात. खाडीच्या काठी अजून लाकडी गलबतं बांधतात आणि गावातून खाडीकडे जाणारी वाट या दर्या दरवाज्यातून जाते. पूर्ण दगडी. भूकंपात याच्या कमानीला भेग पडली. मग कुणा शहाण्याने सांध्यांत सिमेंट चोपडलं, त्यामुळे पाणी आतच अडकायला लागलं आणि भेग वाढली की काय, अशी शंका येऊ लागली. शंका हं, खात्री नाही. खात्रीसाठी मी.

आमचं काम असं. भेगेवर आडवी काच ठेवायची आणि दोन्ही टोकं दोन बाजूंच्या दगडांना प्लास्टरने घट्ट चिकटवायची. भेग झोपलेली असेल तर काच टिकते. भिंत केसभर जरी हलली तरी काच तुटते. ताणणं नाही, वाकणं नाही. टच्, की संपलं.

धृतीने हे सगळं दरवाजा मंडळाला समजावलं तेव्हा मला घामच फुटला असता, काचेला फुटत असता तर. मंडळ म्हणजे गावातलीच दहा-बारा माणसं. दरवाज्यावर उगवलेला पिंपळ काढणारी, झाडलोट करणारी, तासन् तास वाद घालणारी. त्यांचे म्होरके शिवजी मालम. मालम म्हणजे गलबताला दिशा दाखवणारा. मालमकाकांनी आयुष्यभर तेच केलं. समुद्रातून परतताना गावाच्या आधी या दरवाज्याचं डोकं दिसायचं, म्हणून त्यांचा भारी जीव याच्यावर.

त्या दिवशी नगरपालिकेचे साहेबही आले होते. मासळीच्या ट्रकना रस्ता अरुंद पडत होता. साहेब सरळच म्हणाले, "नारळी पौर्णिमेपर्यंत ही काच टिकली तर दरवाजा मंडळाच्या ताब्यात. करा दुरुस्त. तुटली तर धोक्याची इमारत म्हणून पाडतो. कबूल?"

"कबूल," मालमकाका म्हणाले. पण त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं माणूस आजारी मुलाकडे बघतो.

धृतीने मला चिकटवलं. बाजूला जुसब मिस्त्री प्लास्टर कालवत होता. म्हणाला, "एवढीशी काच आणि सगळ्या गावाचा भार हिच्यावर!"

मी तर फुलूनच गेले. बघा, झाले की नाही हिरो!

आता पुढचं ऐका. आमच्याकडे दुपारी सगळं गाव झोपतं. कुत्रीसुद्धा. दुसऱ्याच दुपारी मालमकाका एकटे आले. हातात वाटी आणि चाकू. माझ्या उजव्या टोकाचं प्लास्टर त्यांनी अलगद उकललं, माझ्या टोकाला काहीतरी चोपडलं आणि वरून नवं प्लास्टर जसंच्या तसं थापलं. काय वास होता बाई! माशाचं तेल. गलबताच्या लाकडाला लावतात तेच.

"टिक गं माझे आई," ते पुटपुटले आणि निघून गेले.

म्हणजे डावीकडे मी भिंतीला धरलेलं आणि उजवा हात तेलकट, सुटा. आता भिंत सरकली तरी मी नुसती घसरणार. तुटणार नाही. सांगा, खूश व्हायला नको का मी? मरण टळलं!

पण मला चैन पडेना. पाऊस झाला आणि मला कळलं, उजवीकडचा दगड सरकला. थोडासाच. पण सरकला! मी ओरडत होते, पण काचेचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? रोज सकाळी माणसं यायची.

"आहे ना?"

"आहे, आहे! शाबूत आहे!"

"वा रे पठ्ठी!"

पठ्ठी कसली डोंबलाची! खोटारडी म्हणा. पोरं माझ्यासमोर सेल्फी काढायची आणि माझ्या पाठीमागे भेग रुंदावत होती. मला तुटायचं होतं हो. आधी ज्या गोष्टीला इतकी घाबरले, तीच आता हवी होती. कारण पौर्णिमेला काय होतं माहितीये? वर्षातलं सगळ्यात नवं गलबत ज्याचं, तो दर्याला वाहायचा सजवलेला नारळ घेऊन येतो. ढोल वाजतात. आणि सगळी मिरवणूक नेमकी या कमानीखाली थांबते! उंबऱ्यावर दुसरा एक नारळ फोडतात आणि त्याचं पाणी कपाळाला लावायला म्हाताऱ्याकोताऱ्या, कडेवरची पोरं, सगळे इथेच, या दगडांखाली चेंगरतात.

मला वाचवलं कुणी, सांगू? मांजरीने!

खाडीवरची एक भुरी मांजर माझ्या खालच्या ओट्यावर चढून माझं उजवं टोक चाटायला लागली. आज आली, उद्या आली, हाकलली तरी आली. पौर्णिमेच्या आदल्या सकाळी जुसब तिला हाकलत म्हणाला, "हिला काय प्लास्टरचे डोहाळे लागलेत!"

धृती हसत जवळ आली. मग हसायची थांबली. प्लास्टरचा वास घेतला. मग बोटाने मला हळूच ढकललं आणि मी सरकले.

तिने वळून मालमकाकांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

"काका, हे तुम्ही...?"

"तुटली तर पाडतील पोरी. तू शिकलेली आहेस, दुसरा दरवाजा बघशील. मला हा एकच आहे."

"आणि ही न तुटता दरवाजाच पडला तर? उद्या खाली कोण कोण उभं असेल, मोजा."

  

धृतीने माझं टोक उकललं, तेल पुसलं, चार-चारदा पुसलं आणि नव्या प्लास्टरने घट्ट बसवलं. मग म्हणाली, "उद्या मिरवणूक इथे पोचेपर्यंत हिच्यावर नजर हवी. तुम्हीच बसा, काका."

"मी? अजून माझ्यावर सोपवतेस?"

"दुसरं कुणी तुमच्याइतकं टक लावून बघणार नाही."

पौर्णिमेची सकाळ. पावसाने भिंत चिंब झालेली, त्यात चांगलं ऊन पडलं. गाव सगळं मिरवणुकीत. धृती त्यांच्यासोबत, जुसबही. इथे मालमकाका, मी आणि मांजर. लांबून ढोल ऐकू येत होते. आधी बारीक, मग जवळ, अजून जवळ. माझ्या दोन्ही हातांना ओढ बसत होती. मी धरून होते. धरून होते. आणि...

टच्.

तो आवाज फक्त त्यांनी ऐकला. मांजर झोपली होती.

मालमकाका उठले. मी मधोमध तुटले होते. उजवा तुकडा ढेकळातून सुटून ओट्यावर पडला. त्यांनी तो उचलला, मुठीत धरला. रस्त्याकडे बघितलं. ढोल वळणावर आलेले. वाटीभर प्लास्टर बाजूलाच होतं. तुकड्याला तुकडा जोडला असता तर लांबून कुणाला कळलं असतं? मी श्वास रोखला. मला श्वास नाही, तरी रोखला!

त्यांनी तुकडा खिशात टाकला आणि कमानीच्या मधोमध हात पसरून उभे राहिले.

नारळ घेऊन सगळ्यात पुढे होता मनसुख, यंदाच्या नव्या गलबताचा मालक. तो म्हणाला, "काका, वर्षाचा सण आहे! बाजूला व्हा."

"काच तुटली. मिरवणूक वळव."

"कुठून नेऊ? मच्छीबाजारातून?"

"दर्याला मच्छीचा वास नवा आहे काय?"

काही लोक हसले, काही चिडले. मागून एक आवाज आला, "मालम म्हातारा झाला, भ्यायला लागला!"

मालमकाका हलले नाहीत. "मनसुख, तुझा बाप माझ्यासोबत गलबतावर होता. कधी खोटी दिशा दाखवली मी?"

"नाही, काका."

"इथे दाखवली. काचेला तेल मीच लावलं होतं. आता खरी दाखवतोय. वळव."

ढोल थांबले. मनसुखने नारळ छातीशी धरला आणि मच्छीबाजाराकडे वळला. त्याच्यामागे सगळे वळले, कुरकुरत, नाक दाबत.

तुम्हाला वाटलं असेल, मग धाडकन दरवाजा पडला. नाही पडला. एक खडासुद्धा नाही! म्हणून दोन दिवस लोकांनी काकांना टोमणे मारले. मग जुसबने सगळ्यांना बोलावलं आणि भेगेत बोट घालून दाखवलं. पावसाआधी तिथे त्याचं नखही जात नव्हतं. टोमणे बंद.

साहेब आले. "तुटली. शर्त ती शर्त."

तेवढ्यात मनसुख गाडीभर लाकडं घेऊन हजर! बांधकामावरच्या गलबताला आधार देतात ते जाड टेकू. म्हणाला, "साहेब, आम्ही अख्खं गलबत कोरड्यात उभं ठेवतो. ही कमान काय चीज आहे?" सुतारांनी दुपारपर्यंत कमानीला खालून टेकू दिले.

साहेब मालमकाकांना म्हणाले, "तुम्ही एकदा फसवलंत. आता विश्वास कसा ठेवू?"

"ठेवू नका. नवी काच तुम्ही लावा. तुमच्या हाताने."

आणि साहेबांनी लावली! बाह्या सरसावून, नाकाला प्लास्टर लावून. मुदत दिवाळीपर्यंत. जुसब आता सांध्यांतलं सिमेंट काढून चुना भरतोय. साहेब रोज सकाळी येतात, चहाची बशी हातात. "आहे ना?" म्हणतात. परवा तर मांजरीला स्वतः हाकललं त्यांनी.

माझं म्हणाल तर मी दोन ठिकाणी असते. अर्धी इथे, अर्धी मालमकाकांच्या खिशात. ते मनसुखच्या गलबतातून समुद्रावर गेले की मीही जाते. परवा लांबून त्यांनी दरवाज्याचं डोकं बघितलं आणि खिशावरून मला चाचपलं. इथे भिंतीत मला ते जाणवलं.

तरी स्वस्थता नाहीच. दिवाळी लांब आहे. माझ्या वर ही नवी काच आहे ना, कोरी करकरीत, तिला विचारते, "काही जाणवतंय? सरकलं का काही?" ती म्हणते, "ताई, तू फार बोलतेस."

बोलणारच! पण तुम्ही आलाच आहात तर एवढं करा. हात लावू नका, नुसतं बघा. ती शाबूत असेल तर हळू बोलून जा. तुटलेली असेल तर मोठ्याने ओरडा. आम्हाला ओरडता येत नाही.