पेमेंट सीट

माझ्या बारावीच्या निकालाचे पेढे सगळ्यात जास्त कुणी खाल्ले असतील तर माझ्या अब्बांनी. एक वाटायचा, एक खायचा, असा त्यांचा हिशोब. नूर मोहम्मद मिस्त्री म्हटलं की ब्रह्मपुरीपासून सिंदेवाहीपर्यंत राईस मिलवाले ओळखायचे. पट्टा तुटो, बेअरिंग जळो, बोलावणं त्यांनाच. शाळा चौथीपर्यंत, पण मिलच्या आवाजावरून दुखणं सांगायचे. शनिवारी पेमेंट झालं की बाजारातून जिलबी आणायचे आणि आल्या आल्या ओरडायचे, "पेमेंट झालं, बाप्पा!"

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. जुलैत एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. एक चंद्रपूरच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचं : मेकॅनिकल, फ्री सीट. दुसरं नागपूरच्या एका खासगी कॉलेजचं : मेकॅनिकल, पेमेंट सीट. तेव्हा ही दोन नावं पोराटोरांच्या तोंडी होती. चांगल्या मार्कांवर कमी फीत मिळते ती फ्री, आणि मोठी फी भरून मिळते ती पेमेंट. नागपूरची एका वर्षाची फी म्हणजे आमचा दोन वर्षांचा घरखर्च. फॉर्म भरताना अडीनडीला असू द्यावं म्हणून मी ते नाव टाकलं होतं. मला चंद्रपूरच हवं होतं. तिथे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हजर व्हायचं होतं, नाहीतर सीट पुढच्याला जाणार.

दोन्ही पत्रं मी अब्बांना वाचून दाखवली.

"फ्री?" अब्बांनी तोंड वाकडं केलं. "फुकटात काऊन शिकाचं? आपण जकात-खैरात देणारे हाओ, घेणारे नाई. नागपूर घे. पेमेंट सीट."

"अब्बा, आपल्याले परवडते का ते?"

"न परवडाले का झालं? उलट बरं हाये. यंदा मोठी वेल्डिंग मशीनही घेऊन टाकीन."

मी पत्रं घडी करत राहिले. फी भरायला आहे ती वेल्डिंग मशीन विकणार आणि मला कळू नये म्हणून नवीन मशीनच्या बाता मारणार, हे मी ओळखलं. निदान मला तसं वाटलं. मला भयंकर राग आला आणि रडूही आलं. अम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझ्या अब्बाले बोलून पाहा, मंग मले सांग." म्हणजे तिनेही हात टेकले होते. तिकडे चौकातल्या चहाच्या टपरीवर अब्बा सांगून आले होते, "पोट्टीले पेमेंट सीट भेटली." टपरीवाल्या खुशालभाऊने त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत.

गुरुवारी पहाटेच्या एसटीने आम्ही नागपूरला निघालो. अब्बांनी ईदचा कुर्ता घातला होता. फीचे पैसे त्याच्या आतल्या खिशात असतील असं मी धरून चालले होते. मी डब्याच्या पिशवीत भाकरीच्या फडक्याखाली चंद्रपूरचं पत्र लपवलं होतं. का, ते मलाही नीट माहीत नव्हतं. ते घरी ठेवायला हात धजला नाही, एवढंच.

कॉलेज झकास होतं. कारंजं होतं, पॉलिश केलेली फरशी होती. अब्बांनी चप्पल बाहेर काढली, मी पुन्हा घालायला लावली. खिडकीशी रांग होती. आमचा नंबर आला तसे अब्बा पुढे वाकले.

"मॅडम, इथलं पेमेंट हप्त्याले होते का महिन्याले?"

"वर्षाचं एकदम," मॅडम मान खाली घालूनच म्हणाल्या. "सुरुवातीलाच."

अब्बांनी मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, तुझ्या बापाला कळतं! "अॅडव्हान्स!" ते म्हणाले.

"हो. ड्राफ्ट आणलाय का?"

"ड्राफ्ट तं तुमी द्यान ना?"

मॅडमचं पेन थांबलं. "काका, आम्ही नाही देत. तुम्ही द्यायचा असतो."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अब्बांच्या सगळ्या आयुष्यात पेमेंट हा शब्द एकाच दिशेने चालला होता. काम करायचं, शनिवारी पेमेंट घ्यायचं. कॉलेज हुशार पोरीला पेमेंट देणार, यात त्यांना नवल वाटलंच नव्हतं. आणि मी इतके दिवस त्यांच्यावर रागावले होते! त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या बघून मला हसणाऱ्याचं डोकं फोडावंसं वाटलं.

"मंग ते फ्री..." अब्बा हळूच म्हणाले. "ते खैरात नाई?"

उत्तर मागून आलं. सफारी घातलेले एक गृहस्थ हातात ड्राफ्ट घेऊन उभे होते. "फ्री सीट मिळालीय तुमच्या मुलीला? सरकारी? अहो भाऊ, ती आमच्या चिरंजीवांना द्या, हा ड्राफ्ट तुम्ही घेऊन जा!"

रांग पुन्हा हसली, पण यावेळी चिरंजीवांना. अब्बा ताठ झाले. "नाई जमत साहेब. पोट्टीनं कमावली हाये ते."

मग माझ्याकडे वळून त्यांनी कपाळाला हात लावला. "चंद्रपूरचा कागद तं घरी राह्यला!"

मी पिशवीत हात घातला. पत्राला भाकरीचा वास लागला होता.

चंद्रपूरच्या एसटीत मी त्यांना वेल्डिंग मशीनचं सांगितलं. "विकीन?" अब्बा म्हणाले. "मशीन विकीन तं मी काय खाईन?" आणि मग आम्ही दोघं इतके हसलो की कंडक्टरने दोनदा तिकीट विचारलं. रात्र आम्ही स्टँडवर काढली आणि शुक्रवारी सकाळी ऑफिसचं कुलूप निघायच्या आधी दारात उभे होतो. अॅडमिशन झाली. टपरीवर अब्बांनी स्वतःची फजिती स्वतःच सांगितली, दरवेळी थोडी वाढवून. खुशालभाऊने त्या फुकट चहाचे पैसे मागितले म्हणे.

चार वर्षांनी पुण्याच्या एका कारखान्यात मला नोकरी लागली. पहिला पगार हातात आला त्या संध्याकाळी मी एसटीडी बूथवरून टपरीशेजारच्या दुकानात फोन लावला. अब्बांना बोलावून आणेपर्यंत मीटर पळत होतं.

"अब्बा," मी म्हटलं, "पेमेंट सीट भेटली."

खरखरीतून अब्बांचा आवाज आला.

"हप्त्याले का महिन्याले?"

"महिन्याले," मी म्हटलं. पलीकडे ते टपरीकडे तोंड करून ओरडत होते, "पेमेंट झालं, बाप्पा!"