बटणावरचं नारळाचं पाणी

अंजनीबाई गावंडेनं बळीरामच्या हातातून ट्रकची किल्ली ओढून घेतली, ती भर दुपारी, गाड्या उभ्या करायच्या अहात्यात, मटारच्या रिकाम्या पोत्यांवर बसलेल्या सहा हमालांसमोर. एकवीस वर्षं ज्यानं तिच्या घरची गाडी चालवली, त्याला घालवायला तिला हातातला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

झालं होतं असं. मटार भरून गाडी नागपूरला निघाली आणि नर्मदेवरच्या तिलवाराच्या पुलाअलीकडच्या चढावर एकाएकी गिअर सोडून बसली. गाडी नवी, आपोआप गिअर बदलणारी. दांडा नाही, क्लच नाही. सीटजवळ एक गोल बटण, ते इकडं फिरवलं की पुढं, तिकडं फिरवलं की मागं. बळीरामनं फिरवून फिरवून पाहिलं, पण समोरच्या मीटरच्या काचेत न्यूट्रलची खूण काही हलेना. इंजिन गुरगुरतंय आणि चाक जागचं हलत नाही. भरली गाडी मागं सरकायला लागली तशी त्यानं हँडब्रेक ओढला, खाली उडी मारून चाकांना दगड लावले. माल दुसऱ्या गाडीत चढवून नागपूरला लावून दिला आणि ही गाडी दोरानं ओढून परत आणली. मटाराचा एक दाणा वाया गेला नव्हता. पण ते कोण विचारतो!

"उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडत असशील," अंजनीबाई कडाडली. "जुन्या गाडीची खोड आहे ती तुझी. डिझेल वाचवून विकायला गेला अन् माझा गिअरबॉक्स खाऊन बसला."

"नाही, काकू."

"मग कोणं मोडला? नर्मदामाईनं?"

हमाल हसले. बळीरामनं तिच्याकडं पाहिलं, काही सांगायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. तेच तिला झोंबलं. चोरीच केली असेल, म्हणून शब्द गिळून राहिला, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

"दे किल्ली. अन् या अहात्यात पुन्हा दिसू नको."

त्यानं केबिनमधली वळकटी आणि जेवणाचा डबा काढला, आतल्या गणपतीला हात जोडले आणि पायी घमापूरला, घराच्या वाटेला लागला. अंजनीबाईनं पाठ फिरवली. नवरा, रामराव, गेल्यापासून तिनं हा धंदा एकटीनं ओढला होता, तो काही मऊ बोलून नाही. शाळा दुसरीतच सुटली, पण कोण माणूस कसा ते आपल्याला चेहऱ्यावरून कळतं, असा तिचा ताठा होता.

चौथ्या दिवशी तिच्या सुनेनं, प्रतिमानं, रत्नाकर मिस्तरीला बोलावून आणलं. फॅक्टरीत मिल्ट्रीच्या गाड्या दुरुस्त करण्यात त्याचे केस पिकलेले. अंजनीबाई खुर्ची टाकून गाडीशेजारीच बसली.

"गिअरबॉक्स उतरवा, भैया. ड्रायव्हरनं मोडून ठेवला आहे."

"पोट दुखते म्हणून आल्याबरोबर पोट फाडू काय, बाईजी? पहिले नाडी तर पाहू द्या."

त्यानं गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढली, पांढऱ्या चिंधीवर पुसली, नाकाशी नेली आणि चिंधी तिच्यापुढं धरली. "हे पाहा, कुंकवासारखं लाल आहे. आतल्या प्लेटा जळल्या असत्या तर तेल काळं असतं, वास मारला असता. गाडी कोणी वाईट नाही चालवली. उलट, जपून चालवली आहे."

अंजनीबाईनं चिंधीकडं पाहिलं आणि पदर सारखा केला.

मग त्यानं गाडीला तपासणीचं यंत्र जोडलं. बराच वेळ आकडे पाहत बसला. "अच्छा! बॉक्स चांगला आहे. त्या गोल बटणाकडून त्याला हुकूमच येऊन नाही राहिला. हुकूम बंद झाला की गाडी आपणहून न्यूट्रल होते, भलताच गिअर पडू नये म्हणून."

चार स्क्रू काढून त्यानं बटण उपसलं आणि उलटं केलं. आत तांब्याच्या पिना हिरव्या पडलेल्या, त्यांवर चिकट पांढरा थर, त्यात कुंकवाचा लाल ओघळ. आणि मुंग्या. काही मेलेल्या, काही अजून वळवळणाऱ्या.

"यात गोड कोणं सांडलं? शरबत?"

प्रतिमा पटकन बोलून गेली, "आई, नारियल का पानी... नवमीला..."

"कळलं मला. मी बहिरी नाही."

रामरावांची रीत होती. खंडेनवमीला गाडीची पूजा करायची, नारळ फोडायचा आणि त्याचं पहिलं पाणी गिअरच्या दांड्यावर सोडायचं. लोखंडाच्या दांड्याला पाण्याचं काय? नव्या गाडीला दांडा नव्हता, म्हणून यंदा अंजनीबाईनं बटणावरच कुंकू लावलं आणि वर नारळ धरला. तेव्हा बळीराम हळूच म्हणाला होता, "काकू, याच्या खाली वायरी आहेत. नुसता टिळा लावा."

"तू मला पूजा शिकवतो काय रे? काका असते तर थोबाड फोडलं असतं." असं म्हणून तिनं सगळं पाणी ओतलं होतं. मुद्दाम, थेंब न ठेवता. त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं वरून पुसून घेतलं होतं.

दुसरं बटण बसवल्यावर गाडी मुकाट्यानं पुढं सरकली. अंजनीबाई किल्ली मुठीत घेऊन ऑटोत बसली ती थेट घमापूरला. वाटेत तिनं काय बोलायचं ते तीनदा जुळवलं.

बळीरामच्या बायकोनं, शकूनं, पाट दिला, पाणी दिलं आणि चुलीकडं वळली. बळीराम दोरी लावून वळकटी आवळत होता.

"तू त्या दिवशी काहून नाही सांगितलं?" जुळवलेलं सगळं राहिलं आणि तोंडून निघाला तो हाच दम. "नारळाचं पाणी म्हणायला काय झालं होतं?"

"मला पक्कं कुठं माहीत होतं? वाटून राहिलं होतं." त्यानं गाठ मारली. "अन् हमालांपुढं तुमच्या पूजेला नाव ठेवू? काकांची पूजा होती ती."

अंजनीबाईनं किल्ली पुढं केली. माफीचा शब्द तिच्या जिभेला कधी लागलाच नव्हता, आजही लागेना. "घे. गाडी उभी आहे."

"राहू द्या, काकू. कटनीवाल्या मालकाला जबान दिली. संध्याकाळच्या गाडीनं निघून राहिलो." वळकटी भिंतीशी ठेवून तो म्हणाला, "चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तुम्ही चोर समजल्या."

दुसऱ्या दिवशी तेच सहा हमाल पोती भरत असताना ती अहात्याच्या मधोमध उभी राहिली. "ऐका रे सगळे. गिअर बळीरामनं नाही मोडला. मी मोडला. त्याचं नाव कोणी घेतलं तर माझ्याशी गाठ आहे." या खेपेला कोणी हसलं नाही. पण ऐकायला पाहिजे होता तो माणूस कटनीत होता.

वर्षानं नवमी आली. नव्या ड्रायव्हरनं नारळ पुढं केला, तो तिनं बाहेर, चाकासमोर दगडावर फोडला. बटणाला कोरड्या बोटानं टिळा लावला. खोबऱ्याचा पहिला तुकडा एकवीस वर्षं बळीरामच्या हातावर पडत आला होता. तो डब्यात घालून तिनं प्रतिमाबरोबर घमापूरला पाठवला. सणाला तो घरी आला आहे, असं कानावर होतं.

दसऱ्याला तो दरवर्षी सोनं द्यायला यायचा, आपट्याची पानं हातावर ठेवून पाया पडायचा. त्या दिवशी अंजनीबाई दुपारपासून इस्त्रीचं लुगडं नेसून दारात बसली. चार वाजता बळीरामच्या शेजारची बाई डबा घेऊन आली. शकूनं दिला, म्हणाली.

झाकण उघडलं. डबा घासून लख्ख केलेला, आत आपट्याची दोन पानं.

"तो नाही आला?"

"घरीच होते. म्हणाले, काकूंना नमस्कार सांगा."

अंजनीबाईनं पानं देवापाशी ठेवली आणि पुन्हा दारात येऊन बसली.